पाळीव बजरीगराचे पिल्लू चावते तेव्हा

बाजारातून आणलेल्या लहान पोपटाच्या पिल्लास घरात येऊन आठवडाही लोटलेला नसतो, तोच घरातील एखाद्या मुलाच्या बोटास त्याची चोच लागते. जखम बहुधा किरकोळ असते. सुईच्या टोकाएवढे रक्त येते, कित्येकदा तेवढेही येत नाही. परंतु मुलाचा हात पुन्हा पिंजऱ्याकडे वळत नाही, वडील मंडळी पक्षी ‘खुनशी’ आहे असा निकाल देतात, आणि त्या दिवसापासून पिंजऱ्याचे दार केवळ दाणापाण्यापुरते उघडले जाते. पुढे कंटाळून तो पक्षी कोणास तरी देऊन टाकण्यात येतो, किंवा पुण्यकर्म समजून खिडकीतून सोडून देण्यात येतो. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्यास उघड्यावर अन्न शोधण्याची सवय नसते; कावळा, मांजर किंवा शिक्रा लवकरच त्याचा शेवट करतो. एका चाव्याचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे एवढे सारे घडते. यास्तव त्या चाव्याची कारणे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

येथे कोणत्या पक्ष्याविषयी लिहीत आहोत, ते प्रथम स्पष्ट केले पाहिजे. आपल्याकडे पोपट म्हटले की गळ्यात गुलाबी कंठ असलेला हिरवा रानपोपट डोळ्यांपुढे येतो. तो पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे. त्याचे पिल्लू ढोलीतून पडलेले सापडल्यास ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. प्रस्तुत लेखाचा विषय आहे बजरीगर, म्हणजे शेपटासह सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा आणि ३० ते ४० ग्रॅम वजनाचा ऑस्ट्रेलियातील लहान पोपट. आपल्या बाजारांत त्यास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, पण ते नाव खरे पाहता आफ्रिकेतील आखूड शेपटाच्या निराळ्या पोपटांचे आहे. बजरीगराचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज शॉ यांनी १८०५ मध्ये केले, आणि जॉन गोल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये तो जिवंत स्थितीत इंग्लंडमध्ये आणला. तेव्हापासून माणसांच्या घरी त्याची वीण होत आली आहे. निळा, पांढरा, पिवळा असे त्याचे रंग माणसाच्या निवडीतून आले. मूळ पक्षी हिरवा असून त्याच्या पाठीवर काळ्या-पिवळ्या लाटा असतात.

रंग बदलले तरी स्वभावाचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागातच आहे. तेथे बजरीगर मोठ्या थव्यांनी पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या शोधात दूरदूर भटकतात, आणि निलगिरीसारख्या वृक्षांच्या ढोलीत अंडी घालतात. थव्यातील जीवनात त्यांची दोन संरक्षणे असतात. पहिले म्हणजे संकट दिसताच उडून जाणे. दुसरे म्हणजे शेजाऱ्याच्या हालचालीवरून त्याचा हेतू ओळखणे व आपला हेतू त्यास कळविणे. दाट थव्यात दांडीवरच्या जागेवरून किंवा बियांवरून तंटे होतात, पण ते क्वचितच रक्तापर्यंत जातात. एकाने मान पुढे काढली की दुसरा बाजूस सरकतो आणि तंटा तेथेच मिटतो. पिंजऱ्यात पहिले संरक्षण नाहीसे होते, आणि दुसरे आपल्याला त्याची भाषा न समजल्यामुळे निरुपयोगी ठरते. मग चोचीवाचून त्याच्यापाशी काय उरते?

ही चोच हे मोठे विलक्षण साधन आहे. बहुतेक पक्ष्यांच्या चोचीचा वरचा भाग कवटीस बराचसा जखडलेला असतो. पोपटांत तो बिजागरीसारख्या स्पष्ट सांध्याने जोडलेला असून स्वतंत्रपणे वर-खाली होतो. त्यामुळे बी फोडणे, साल काढणे, पिसे विंचरणे, जोडीदारास भरविणे आणि लाकूड कुरतडणे ही सर्व कामे एकाच अवयवाने होतात. चढतानाही चोचीचा उपयोग होतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी गुलाबी चेहऱ्याच्या आफ्रिकी लव्हबर्डना उभ्या पृष्ठभागावर चढावयास लावले व चोचीने आणि पायांनी लावलेले बळ मोजले. तेव्हा चोचीचे बळ पायांच्या बळाइतके किंवा त्याहून अधिक असल्याचे दिसून आले. पोपटाची चोच म्हणजे तिसरा पायच, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय चोचीच्या टोकाशी स्पर्शज्ञानाचे सूक्ष्म कण दाटीने बसविलेले असतात. पोपटांतील ही रचना एका फ्रेंच अभ्यासकाने १८६९ मध्येच वर्णिली होती. माणसाचे तान्हे मूल हाती लागेल ती वस्तू तोंडात घालते, तद्वत पोपटाचे पिल्लू नव्या वस्तूची ओळख चोचीने करून घेते.

म्हणून चोच लागली की तो चावाच, असे समजू नये. पाच आठवड्यांच्या सुमारास पिल्लू घरट्याबाहेर पडते, आणि त्यानंतर काही आठवडे ते जे दिसेल ते चोचीत धरून पाहते. बोटावर बसण्यापूर्वी ते बोटास चोचीने हलकेच दाबून पाहते; फांदी आपला भार सोसेल किंवा नाही, हे पाहण्याचाच तो प्रकार होय. नेमक्या याच वेळी अननुभवी माणूस दचकून बोट मागे घेतो. फांदी हलली, असा बोध पिल्लास होतो आणि पुढच्या वेळी ते अधिक घट्ट पकडते. असे पिल्लू ओळखणे अवघड नाही. त्याच्या कपाळावरील बारीक काळे पट्टे थेट चोचीपर्यंत आलेले असतात आणि डोळा सबंध काळा दिसतो. तीन-चार महिन्यांच्या वयात पहिल्यांदा पिसे गळाली की कपाळ मोकळे होते, आणि पुढे डोळ्यात फिकट कडे उमटते. बाजारात ‘पिल्लू’ म्हणून मिळणारा पक्षी खरोखर किती लहान आहे, हे या खुणांवरून तपासता येते. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही.

या चाचपणीने दुखले तर काय करावे? बोट न झटकता स्थिर ठेवावे आणि दुसऱ्या हाताने बुचाचा तुकडा, सुतळीची गाठ किंवा मऊ लाकडाची काडी चोचीपुढे धरावी. चोचीस काम हवे असते. ते बोटाऐवजी दुसरीकडे मिळाले की पिल्लाचे समाधान होते. भावंडांत वाढलेली पिल्ले एकमेकांस चावता-चावता बळ आवरण्यास शिकतात. फार लवकर त्यांच्यापासून वेगळे केलेल्या पिल्लास हा धडा मिळालेला नसतो, म्हणून त्याच्या बाबतीत थोडा अधिक धीर धरावा.

खरा चावा निराळा असतो आणि त्याच्या मुळाशी बहुधा भय असते. बजरीगराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. वरून झडप घालणारा ससाणा वेळीच दिसावा, यासाठी ही व्यवस्था उपयोगी पडते. आता आपला हात पिंजऱ्यात कसा जातो ते पाहावे. तो वरून येतो, पाच बोटे पसरून येतो, वेगाने येतो, आणि दाराची वाट अडवून येतो. पस्तीस ग्रॅमच्या प्राण्यास हा हात शिकारी पक्ष्याच्या पंजाहून निराळा वाटावा, असे त्यात काहीच नाही. बाजारात जाळीतून उचलून कागदी खोक्यात कोंबले गेल्याची आठवणही त्याच्यापाशी असते.

भ्यालेला पक्षी एकदम चावत नाही, ही गोष्ट या साऱ्या विषयाची किल्ली आहे. हात जवळ येताच प्रथम पिसे अंगाशी घट्ट आवळली जातात, त्यामुळे पक्षी एकाएकी उंच व सडपातळ दिसू लागतो. मग मान मागे जाते. मग तो दांडीवर एखादे पाऊल बाजूस सरकतो. हात येतच राहिला तर चोच किंचित उघडते आणि मान पुढे येते, आणि त्यानंतर चावा बसतो. याच्या उलट निर्धास्त पक्ष्याची पिसे सैल असतात, एक पाय पोटात घेतलेला असतो, आणि चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासल्याचा बारीक करकर आवाज येत असतो. झोपेपूर्वी हा आवाज हमखास ऐकू येतो. ज्या घरात कोणी चार दिवस पिंजऱ्यापासून दोन हात दूर बसून या खुणा पाहिल्या असतील, त्या घरात चाव्यांची संख्या बहुधा आपोआप घटते.

तरीही अनेक पक्षी दिवसेंदिवस अधिकच का चावू लागतात, याचे उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मिळते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या हालचालीने पेटी उघडे, ती हालचाल मांजर पुढच्या वेळी अधिक लवकर करी आणि निरुपयोगी हालचाली सोडून देई. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर व कबुतरे यांच्यावर प्रयोग करून हे तत्त्व अधिक नेमके केले. ज्या कृतीनंतर प्राण्यास हवे ते मिळते किंवा नको ते टळते, ती कृती बळावते. याला प्रबलन म्हणतात.

हे तत्त्व पिंजऱ्यापाशी लावून पाहू. हात आला, पक्ष्याने मान मागे घेतली. हात थांबला नाही. पक्षी बाजूस सरकला. हात त्याच्यामागे गेला. त्याने चोच उघडली, पाहणारे हसले. तो चावला, आणि हात तत्काळ बाहेर गेला. चार उपायांपैकी एकच फळास आला. उद्या हा पक्षी पहिले तीन उपाय का करील? काही दिवसांनी ‘आमचा पक्षी कसलीही सूचना न देता चावतो’ अशी तक्रार ऐकू येते. सूचना देण्यात अर्थ नाही, हे त्या घरानेच त्यास शिकविलेले असते. यावर ‘मग चावला तरी हात काढू नये’ असे काही जण सुचवितात. आठ वेळा हात न काढता नवव्या वेळी वेदनेने तो निघालाच, तर परिणाम अधिक वाईट होतो. अधूनमधून मिळणाऱ्या फळामुळे सवय किती चिवट होते, हे फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कबुतरांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे.

जाड हातमोजा घालून पक्ष्यास मुठीत धरावे, तो धडपडून थकेपर्यंत सोडू नये, असा एक जुना उपाय आजही सांगितला जातो. थोड्या वेळाने पक्षी खरोखरच निश्चल होतो. पण पिसे आवळलेली, श्वास जलद आणि डोळे विस्फारलेले, अशी ती निश्चलता असते. सुटकेची आशा सोडलेल्या प्राण्यास माणसाळलेला म्हणणे ही भाषेची थट्टा आहे. पक्षी लहान असल्याने छातीवर थोडा दाब पडला तरी त्याचा श्वास कोंडतो, हा धोका निराळाच. चोचीवर टिचकी मारणे, हात हलवून पक्ष्याचा तोल घालविणे, तोंडावर फुंकर मारणे, पिंजऱ्यावर कापड टाकून ‘शिक्षा’ देणे हे सारे प्रकार हाताविषयीचे भय वाढवितात, म्हणजे चाव्याचे मूळ कारणच वाढवितात. मोठ्याने ओरडल्याने भित्रा पक्षी अधिक भितो, आणि धीट पक्ष्यास आपल्यामुळे उडालेल्या गोंधळाची गंमत वाटण्याचा संभव असतो.

खरा उपाय याहून सोपा आहे, मात्र त्यास वेळ लागतो. चाव्यापूर्वीच्या खुणांचा मान राखला, की चाव्याची गरज उरत नाही. नवे पिल्लू आणल्यावर पहिले काही दिवस हात केवळ दाणापाणी बदलण्यापुरता, सावकाश व खालच्या बाजूने आत न्यावा. पिंजरा भिंतीलगत, माणसाच्या छातीच्या उंचीवर असावा, म्हणजे पक्ष्यास एक बाजू तरी सुरक्षित वाटते. त्याच्याजवळ बसून वाचावे, हलक्या आवाजात बोलावे. पक्षी आपल्या देखत खाऊ लागला, पिसे विंचरू लागला, की पहिली पायरी झाली असे समजावे.

नंतर राळ्याचे कणीस उपयोगी पडते. बजरीगरास ते अतिशय प्रिय असते, म्हणून रोजच्या दाण्यात न देता ते शिकवणीसाठी राखून ठेवावे. पक्ष्यास उपाशी ठेवून खाण्यास भाग पाडणे मात्र सर्वस्वी वर्ज्य होय. एवढ्या लहान प्राण्याच्या शरीरात साठा फार थोडा असतो. लांब देठाचे कणीस दाराशी धरून हात स्थिर ठेवावा. पक्ष्याने मान मागे घेतली तर हात तेथेच थांबवून दोन बोटे मागे घ्यावा आणि तो सैल झाल्यावर पुन्हा तेवढाच पुढे न्यावा. येथे प्रबलनाचाच नियम आपल्या बाजूने काम करू लागतो. मान मागे घेतल्यानेच हात थांबतो असे कळल्यावर पक्ष्यास चोचीपर्यंत जावे लागत नाही. देठ दिवसागणिक आखूड धरावा. अखेर एक दिवस कणीस अशा जागी येते, की ते खाण्यासाठी पक्ष्याने बोटावर पाय ठेवणे सोयीचे होते. त्याने एक पाय ठेवून काढून घेतला तरी तो दिवस यशस्वी मानावा. बोट त्याच्या पोटाखाली दाबून त्यास बळेच चढविण्याची रीत सर्वत्र दिसते. उतावळेपणापलीकडे तिचे समर्थन नाही.

जो पक्षी अगोदरच चावरा झाला आहे, त्याच्या बाबतीत हात काही काळ बाजूस ठेवून काडीने शिकविणे इष्ट होय. स्वच्छ लाकडी काडीचे टोक पिंजऱ्याच्या गजांबाहेरून दाखवावे. कुतूहलाने त्याने टोकास चोच लावताच जिभेने ‘टक्‌’ असा आवाज करून लगेच राळ्याचे दोन-चार दाणे द्यावे. थोड्याच दिवसांत पक्षी काडी जाईल तिकडे जाऊ लागतो. आता त्यास न पकडता, न स्पर्शता एका दांडीवरून दुसरीवर, पिंजऱ्यातून बाहेर आणि पुन्हा आत नेता येते. पाच मिनिटांचा पाठ दिवसातून दोन वेळा पुरेसा असतो. पक्ष्याचे लक्ष उडण्यापूर्वीच तो थांबवावा.

अनेक घरांत पक्षी बाहेर असताना शहाण्यासारखा वागतो आणि पिंजऱ्यात परत नेताना कडकडून चावतो. याचे कारण उघड आहे: हात दिसला की मोकळीक संपते, हे त्याने जाणलेले असते. आत त्याची आवडती वस्तू ठेवावी, दार न लावता त्यास आत-बाहेर दोन-चार वेळा जाऊ द्यावे, आणि मगच दार लावावे. परत जाणे म्हणजे प्रत्येक वेळी कोंडले जाणे नव्हे, असा अनुभव आला की हा चावा सहसा बंद होतो. बाहेर सोडताना पंखे बंद असावेत, खिडक्यांस जाळी किंवा पडदा असावा. उडू नये म्हणून पंखांची पिसे कापण्याची चाल आहे. ज्याचा पळण्याचा मार्ग आपण कापला, त्याने चोच उगारली तर त्यास दोष कसा द्यावा? पिंजराही प्रशस्त हवा. प्राण्यास हालचाल करता येणार नाही इतक्या तोकड्या पिंजऱ्यात ठेवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियमानुसार अपराध आहे.

आणि सावधगिरी बाळगूनही चावा बसलाच तर? काही न बोलता पक्ष्यास जवळच्या दांडीवर किंवा मेजावर उतरू द्यावे आणि अर्धा-एक मिनिट दुसरीकडे पाहावे. तेवढ्यात, चाव्यापूर्वी काय घडले होते, हे आठवून लिहून ठेवावे: वेळ कोणती, खोलीत कोण होते, हात कोठून आला, अंगात भडक रंगाचा नवा कपडा होता काय. शाळेतील मुलांस हे काम विशेष आवडते. पंधरा दिवसांच्या अशा नोंदींतून कित्येकदा एकच कारण पुन्हा पुन्हा समोर येते.

झोप हे असे एक कारण आहे. बजरीगरास दहा ते बारा तास अंधार व शांतता लागते. आपल्या घरांत रात्री उशिरापर्यंत दिवे आणि दूरचित्रवाणी चालू असल्याने ती मिळत नाही. पिसे गळण्याच्या काळात मानेवर व डोक्यावर नव्या पिसांचे टोकदार कोंब येतात. त्यांत रक्त असते आणि स्पर्श झाला की दुखते, म्हणून त्या दिवसांत डोके कुरवाळू नये. वयात आलेली मादी, जिच्या चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांभोवतीची त्वचा तपकिरी व खडबडीत होते, ती ढोलीसारख्या कोणत्याही अंधाऱ्या जागेचे जिवापाड रक्षण करते. पिंजऱ्यातील मडके, खोका किंवा लाकडी पेटी काढून घेतली की तिचा आवेश बराच ओसरतो.

माणसाळलेला पक्षी एकाएकी चावू लागला, तर मात्र शिकवणीचा विचार बाजूस ठेवून दुखण्याची शंका घ्यावी. दिवसभर फुगून बसणे, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणे, श्वासाबरोबर शेपूट हलणे, विष्ठा पातळ होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे. लहान पक्षी आजार शेवटपर्यंत लपवितात. चाव्याची जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून क्लॅमिडिया सिटॅसाय या जंतूमुळे माणसास फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. म्हणून पिंजऱ्याचा तळ कोरडा न झाडता ओला करून पुसावा, आणि घरात कोणास रेंगाळणारा ताप व कोरडा खोकला झाल्यास घरी पक्षी असल्याचे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.